पुरात घर 'डिस्ट्रॉय' झालं की 'डॅमेज'? इंग्रजी अर्जातले नाशाचे शब्द

गंगावेश_ताई

मी कोल्हापुरात आठवी ते दहावीच्या मुलांची इंग्रजीची शिकवणी घेते. त्यामुळे गल्लीतल्या लोकांचे इंग्रजी अर्जही माझ्याकडे येतात. कुणाला विमा कंपनीला लिहायचं असतं, कुणाला मुंबईच्या एखाद्या ट्रस्टला, कुणाला मुलाच्या कॉलेजला फी सवलतीसाठी. २०१९ आणि २०२१, दोन्ही वेळा राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३ फूट आहे, म्हणजे काय झालं असेल ते बाहेरच्यांनाही कळेल. पाणी ओसरलं की अर्जांचा ढीग लागतो. पावसाळा तोंडावर आलाय म्हणून धागा आत्ताच काढते. पाणी चढल्यावर असलं वाचायला कुणाला सवड नसते.

लोक आणतात त्या कच्च्या मसुद्यात सगळीकडे एकच क्रियापद असतं: डिस्ट्रॉय. घर डिस्ट्रॉय, फ्रिज डिस्ट्रॉय, ऊस डिस्ट्रॉय, म्हैस डिस्ट्रॉय, पोराचं वर्ष डिस्ट्रॉय. शाळेत 'टू डिस्ट्रॉय म्हणजे नाश करणे' एवढंच पाठ केलेलं असतं, त्यात लोकांचा दोष नाही. पण घराची मागची भिंत पडून पुढचं घर उभं आहे, की आख्खं घर भुईसपाट झालंय, की नुसतं पाणी शिरून फरशी उखडलीय, हे त्या एका शब्दातून कळत नाही. अर्ज वाचणाऱ्यानं आमचा दुधाळी किंवा सुतारवाड्यासारखा पुराचा भाग कधी पाहिलेला नसतो. त्याच्यापुढे कागद असतो आणि भरायचा रकाना असतो.

माझी समजूत अशी आहे: वस्तू त्या रूपात उरलीच नाही आणि दुरुस्तीचा प्रश्नच संपला, तेव्हाच डिस्ट्रॉय लिहावा. बाकी ठिकाणी काय झालं ते दाखवणारं क्रियापद शोधावं. इथे वकील आहेत, बांधकामवाले आहेत, विम्यातले आहेत, शेतकरी आहेत. तुमच्या कामात हा शब्द आणि त्याची भावंडं कशी वापरतात ते सविस्तर लिहाल का? मुलांनाही शिकवता येईल.

शब्दवेडा_राजारामपुरी

चांगला धागा ताई. मुळापासून सुरुवात करतो.

हा शब्द लॅटिनमधून जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. त्यातला 'स्ट्रुएरे' म्हणजे एकावर एक रचणं, उभारणं. स्ट्रक्चर, कन्स्ट्रक्शन, इन्स्ट्रक्शन हे सगळे याच घरातले. 'डि' लावला की उलटी क्रिया, म्हणजे रचलेलं उतरवणं. म्हणून इमारत, पूल, गाव, पुरावा, नातं, विश्वास, कुणाचा तरी नावलौकिक, असं जे कष्टानं उभं राहिलेलं असतं त्याला हा शब्द बरोबर बसतो. दूध नासलं तर इंग्रज डिस्ट्रॉय म्हणणार नाही, तिथे स्पॉइल. पावसानं लग्नाचा मांडव भिजून समारंभाचा बोजवारा उडाला तर रुईन. साडीवर हळदीचा डाग पडून ती नेसण्यासारखी राहिली नाही, तरी रुईनच.

रुईनचं मूळ 'कोसळणं' असं आहे, आणि त्याचं अनेकवचन रुइन्स म्हणजे पडके अवशेष. पण रोजच्या वापरात तो 'होतं ते बिघडलं, कामातून गेलं' या अर्थानं येतो. वस्तू डोळ्यांसमोर असते, तिचं बरेपण गेलेलं असतं. पुरातले कपडे, गाद्या, वह्या-पुस्तकं, कणगीतलं धान्य यांच्यासाठी बहुतेक वेळा हाच शब्द योग्य.

बाकीची भावंडं थोडक्यात. रेक हा शब्द समुद्रातून आलाय. फुटलेल्या जहाजातून किनाऱ्याला लागलेला माल म्हणजे रेक, म्हणून आजही गाडी, जहाज, यंत्र यांच्या चेंदामेंद्याला तो शोभतो. रेझ म्हणजे खरवडून जमिनीबरोबर करणं, दाढीचा रेझर त्याच धातूचा. डेव्हास्टेट म्हणजे ओसाड करणं, म्हणून तो प्रदेशाला लागतो, एका कपाटाला लागत नाही. अनायहिलेट म्हणजे शून्य करणं, मागे काहीही न उरणं. अर्जात हा शेवटचा कधीच वापरू नका, वाचणाऱ्याला अतिशयोक्ती वाटते.

आणि डिस्ट्रॉयर म्हणजे युद्धनौकेचा एक प्रकार. टॉर्पेडो सोडणाऱ्या लहान बोटींचा नाश करणारी म्हणून १९ व्या शतकाच्या अखेरीस हे नाव पडलं, आणि पुढे टॉर्पेडो बोटी गेल्या तरी नाव टिकलं. आपल्या नौदलाची आयएनएस कोलकाता याच वर्गातली.

चिखलीकर

ताई, आमी प्रयाग चिखलीचं. पाणी आलं की गाव सोडायचं हे ठरल्यालं. मी शिकल्याला न्हाय फारसा, पण तुमचं म्हणणं पटलं, कारण मला त्याचा फटका बसलाय.

आमचा आडसाली ऊस हुता. पाणी उतराय लागलं तवा शेंडं दिसाय लागलं, हिरवं हुतं. लांबनं बघणाऱ्याला वाटावं ऊस वाचला. पर शेंड्याच्या पोंग्यात गाळ बसल्याला. चार दिसांनी पोंगा धरून वडला तर हातात आला, कुजका वास. मग खालच्या डोळ्यांस्नी पांगशा, म्हंजी बाजूचं कोंब, फुटल्या. असला ऊस कारखान्याला गेला तरी वजन न्हाय आन् साखरंचा उतारा न्हाय. बांधाला लागून दुसरं रान हुतं, जरा उचावर, तिथं शेंडा पाण्याच्या वरच राहिला. तो ऊस जगला, नुसता लोळला. पोरानं अर्जात दोन्ही रानांस्नी मिळून लिवलं, 'शुगरकेन डिस्ट्रॉइड'. बघाय आल्याला माणूस म्हणाला, अवं हितं तर ऊस उभा हाय की, डिस्ट्रॉय कुठं झालाय? आन् दोन्ही रानांचं म्हणणं त्याला खोटं वाटाय लागलं.

आन् म्हशीचं पण इचारायचं हाय. दोन म्हशी ग्याल्या. त्याला काय लिवायचं?

गंगावेश_ताई

दादा, म्हशींचं वाचून वाईट वाटलं.

तुमच्या उसाचं उदाहरण मी मुलांना सांगणार आहे. दोन रानं, दोन गट नंबर, दोन वेगळी वाक्यं. पहिल्या रानाचं: पोंग्यात गाळ जाऊन शेंडा कुजला, वाढ कायमची थांबली, पीक पूर्ण गेलं. इथे डिस्ट्रॉइड चालेल, कारण कुजण्याचं कारण शेजारीच लिहिलंय. दुसऱ्या रानाचं: ऊस लोळला, जिवंत आहे, वजन घटणार. तिथे डॅमेज्ड. इंग्रजीत लोळलेल्या पिकाला 'लॉज्ड' असा शब्द आहे, शेतीखात्यातला माणूस तो लगेच ओळखतो.

म्हशींबद्दल मात्र डिस्ट्रॉय हा शब्द कृपा करून अजिबात लिहू नका. जनावरांच्या बाबतीत त्याचा इंग्रजीत ठरलेला वेगळा अर्थ आहे. डॉक्टरांपैकी कुणी असेल तर सांगा, मी सांगण्यापेक्षा ते बरं.

गोठा_ते_दवाखाना

मी जनावरांचा डॉक्टर. ताई म्हणतात ते अगदी खरं आहे आणि महत्त्वाचं आहे.

इंग्रजीत 'द हॉर्स वॉज डिस्ट्रॉइड' म्हणजे घोड्याचा पाय मोडला, बरा होणार नव्हता, म्हणून त्याला माणसानं मारून वेदनेतून सोडवलं. पिसाळलेलं कुत्रं, रोगाची लागण झालेलं जनावर, यांना मुद्दाम मारण्यासाठी कायद्याच्या भाषेत हाच शब्द येतो. घोड्यांच्या ग्लँडर्स रोगाचा १८९९ चा जुना कायदा होता, त्यात रोगी जनावराच्या बाबतीत हाच शब्द होता. बर्ड फ्लूमध्ये कळपच्या कळप मारतात त्याला कलिंग म्हणतात.

म्हणजे 'अवर टू बफेलोज वेअर डिस्ट्रॉइड' असं लिहिलंत, तर वाचणाऱ्याला वाटू शकतं की तुम्हीच त्यांना मारायला लावलं. ज्या माणसानं पाण्यात उतरून दावी कापली, त्याच्या अर्जावर असं वाक्य असणं किती वाईट! 'ड्राउन्ड' लिहा, बुडून मेली. वाहून गेली आणि सापडली नाही तर 'स्वेप्ट अवे'. गोठ्यात उभ्या पाण्यात राहून नंतर न्यूमोनियानं गेली तर 'डाइड', आणि कशानं ते लिहा. कानातल्या बिल्ल्याचा नंबर लिहा आणि शवविच्छेदनाचा दाखला जोडा. वाहून गेलेल्या जनावराचा दाखला मिळत नाही, तिथे गावातला पंचनामाच आधार.

२०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठीच्या केंद्राच्या आपत्ती निकषांत दुभत्या म्हशीला किंवा गाईला ३७,५०० रुपये आहेत, आणि एका कुटुंबाला तीन मोठ्या दुभत्या जनावरांपर्यंत. तेव्हा कागद नीट असू द्या.

चावडीवरचा_माणूस

तलाठी म्हणून निवृत्त झालो. पंचनाम्याच्या बाजूनं सांगतो.

आपण मराठीत 'पूर्णतः पडझड' आणि 'अंशतः पडझड' लिहितो. इंग्रजी निकषात पहिल्यासाठी 'फुली डॅमेज्ड' आणि 'डिस्ट्रॉइड' हे दोन्ही शब्द एकाच ओळीत, तिरक्या रेघेनं जोडलेले आहेत. म्हणजे शासनाच्या लेखी घराच्या बाबतीत दोन्हींचा निकाल एकच. वर सांगितलेल्या निकषांत पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात १,२०,००० रुपये, डोंगरी भागात १,३०,०००. अंशतः पडझडीला किमान १५ टक्के नुकसान लागतं, आणि मग पक्क्या घराला ६,५००, कच्च्याला ४,००० रुपये. झोपडी असेल तर पडली काय आणि मोडली काय, एकच दर, ८,०००.

पूर्ण आणि अंशतः यांत केवढी दरी आहे बघा. सगळं भांडण या दोन शब्दांमध्ये होतं. पंचनाम्याला आम्ही जायचो तेव्हा लोक 'सगळं गेलं हो' म्हणून रडायचे, आणि ते खरंच असायचं. पण लिहिताना आम्हाला खोल्या मोजाव्या लागायच्या, भिंती मोजाव्या लागायच्या. जे कुटुंब 'मागील पडवी, स्वयंपाकघर व माजघराची उत्तरेकडील भिंत पडली, तुळई सरकली' असं सांगायचं, त्याचा पंचनामा भरीव व्हायचा. 'घर उद्ध्वस्त' एवढंच सांगणाऱ्याचा फार पोकळ व्हायचा. वाईट वाटायचं, पण तिथे उभं राहून आपण काही घालून लिहू शकत नाही.

शेतीला ३३ टक्क्यांची अट आहे. ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान असेल तरच मदत, दोन हेक्टरच्या मर्यादेत. जिरायतीला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,०००, बहुवार्षिक पिकांना २२,५००. केंद्राच्या त्याच निकषांतले हे दर आहेत, राज्य सरकार वेळोवेळी वेगळे निर्णय काढतं, ते त्या त्या वेळी बघावेत. चिखलीकर, तुमच्या दोन्ही रानांची टक्केवारी वेगवेगळी मांडली असती तर पहिलं रान शंकेत आलं नसतं.

उंबरठा_सिव्हिल

मी बांधकामातला. दोन-तीन गोष्टी.

पहिली, 'कोलॅप्स'. आपल्या पेठांमधली जुनी घरं मातीच्या भिंतींची, कच्च्या विटांची, आत सागवानी खांब-तुळया. अशी भिंत पाण्यात उभी असते तेव्हा बऱ्याचदा पडत नाही. पाणी दोन्ही बाजूंनी सारखं दाबत असतं. पाणी उतरतं, बाहेरचा आधार जातो, आतली माती पाणी पिऊन जड झालेली असते, आणि मग पायथा बसतो. ऊन पडून सुकताना तडे जातात. म्हणून कित्येक घरं पूर ओसरल्यावर पडतात, पंचनामा होऊन गेल्यावरसुद्धा. याला 'कोलॅप्स्ड' हेच बरोबर, आणि पुढे तारीख. डिस्ट्रॉय म्हटलं की वाचणारा विचारतो, कशानं केलं? पूर तर आठवड्यापूर्वी गेला. कोलॅप्सला कर्ता लागत नाही, भिंत आपण होऊन बसली एवढंच तो सांगतो, आणि कारण पुढच्या वाक्यात लिहिता येतं.

दुसरी, 'डिमॉलिश'. हे नेहमी माणूस करतो, ठरवून. किल्ले राखणाऱ्या गडकऱ्यांच्या १८४४ च्या बंडानंतर इंग्रजांनी पन्हाळ्याचा चार दरवाजा पाडला, ते डिमॉलिश. महापालिका धोकादायक इमारत उतरवते, तेही डिमॉलिश. धोकादायक इमारतींचे वर्ग आहेत: सी-१ म्हणजे राहण्यास अयोग्य, तत्काळ रिकामी करून पाडायची. सी-२-ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२-बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. पुरात तडे गेलेलं घर तुम्ही स्वतः मजूर लावून उतरवलं असेल, तर अर्जात ते लपवू नका. 'पुरामुळे असुरक्षित झालं म्हणून उतरवलं' असं दोन्ही टप्प्यांत लिहा, उतरवण्याआधीचे फोटो जोडा.

तिसरी मनाला लागलेली. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी संगीत नट केशवरावांची जयंती होती. शाहू महाराजांनी उभारलेलं, १९१५ चं पॅलेस थिएटर. आपण सगळे 'नाट्यगृह जळून खाक' म्हणत होतो. इंग्रजीत अशा आगीला 'गटेड' म्हणतात. गट म्हणजे आतडं. माशाचं पोट साफ करतात तसं आतलं सगळं जळून गेलं आणि बाहेरचं कवच उभं राहिलं. रंगमंच, छत, खुर्च्या गेल्या, दगडी भिंती राहिल्या. त्या भिंती राहिल्या हे सांगणं बांधकामवाल्याला फार महत्त्वाचं वाटतं, कारण पुनर्बांधणी त्यांच्या आधारानं होते. 'डिस्ट्रॉइड' म्हटलं असतं तर त्या भिंती शब्दातच पडल्या असत्या.

रंकाळ्याची_सून

सगळ्यांचं वाचलं. पण मला एक सांगावंसं वाटतं, राग मानू नका.

आमच्या घरात पाणी पहिल्या मजल्याच्या पायऱ्यांपर्यंत आलं होतं. सासूबाईंच्या लग्नातली पेटी, त्यात जुने फोटो, सासऱ्यांच्या हातचं हिशेबाचं बाड. सगळ्याचा लगदा. पंचनाम्यात त्या पेटीची किंमत काय लावणार? घर उभं आहे म्हणून 'अंशतः'. तुम्ही म्हणता मोजून लिहा. बरोबर आहे. पण माणूस 'आम्ही उद्ध्वस्त झालो' म्हणतो तेव्हा त्याला तसंच झालेलं असतं. त्याला 'डॅमेज्ड' लिहायला लावायचं म्हणजे त्याचं दुःख कापून लहान केल्यासारखं वाटतं. अर्जात एक तरी वाक्य त्याच्या मनाचं असू द्या.

गंगावेश_ताई

वहिनी, राग कसला. हे कुणीतरी म्हणायला हवंच होतं.

इंग्रजीतही हा शब्द माणसाच्या मनाला लावतात. 'शी वॉज डिस्ट्रॉइड बाय द न्यूज', त्या बातमीनं ती पार कोलमडली. डेव्हास्टेटेड तर त्याहून जास्त वापरतात. तेव्हा 'आम्ही उद्ध्वस्त झालो' हे इंग्रजीत लिहिता येतं आणि त्यात वावगं काही नाही. ट्रस्टला किंवा कॉलेजला पाठवायच्या पत्रात मी ते वाक्य ठेवते, पहिल्या परिच्छेदाच्या शेवटी, एकदाच. पण ते वाक्य माणसांबद्दल असावं, वस्तूंबद्दल नसावं. माणसं कोलमडली असं लिहिलं तर वाचणारा मान्य करतो. फ्रिज कोलमडला असं लिहिलं तर तो दुरुस्तीची पावती मागतो.

त्या पेटीचं तुम्ही इथे लिहिलंत ना, लगदा झाला, सासऱ्यांच्या हातचं बाड गेलं, हेच तसंच्या तसं पत्रात लिहा. कुठलंही मोठं क्रियापद त्याच्या जवळ पोचणार नाही.

'पोराचं वर्ष डिस्ट्रॉय झालं' याबद्दल मात्र सांगते. कॉलेजला ते कळत नाही. परीक्षा बुडाली, की वह्या आणि प्रकल्प गेले, की फी भरायचे पैसे घराच्या दुरुस्तीत गेले? तीन वेगळ्या अडचणी, तीन वेगळे उपाय. त्यांना उपाय करता येईल असं लिहिलं तर ते करतात, असा माझा अनुभव आहे.

महाद्वार_वकील

उशिरा आलो, कोर्टाचं काम होतं. ताईंच्या सुरुवातीच्या व्याख्येत थोडी भर घालतो, कारण कायदा हा शब्द जरा रुंद वापरतो.

भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम ३२४ मध्ये 'मिस्चिफ' म्हणजे आगळीक या गुन्ह्याची व्याख्या आहे, जुन्या दंड संहितेत ती ४२५ ला होती. त्यात मालमत्तेचा नाश तर आहेच, पण मालमत्तेत असा बदल करणं की तिचं मूल्य किंवा उपयुक्तता नष्ट होईल किंवा घटेल, तेही आहे. म्हणजे वस्तू जागेवर आहे, तुटलेलीही नाही, पण तिचा उपयोग संपला, तर तिथेही कायदा डिस्ट्रॉय हाच शब्द वापरतो. विहिरीत कुणी घाण टाकली तर विहीर तशीच असते, पाणी पिण्याजोगं राहत नाही.

कागदपत्रांचं ऐका, यात लोक हमखास अडकतात. सरकारी भाषेत 'डिस्ट्रक्शन ऑफ रेकॉर्ड्स' ही ठरलेली, नियमानं होणारी क्रिया आहे. आपल्याकडे अभिलेखांचे वर्ग असतात: अ वर्ग कायमचा, ब वर्ग ३० वर्षं, क वर्ग १० वर्षं, क-१ वर्ग ५ वर्षं, ड वर्ग १ वर्ष. मुदत संपली की रीतसर नोंद करून ते नष्ट करतात. दुसरीकडे, पुरावा म्हणून हजर करावा लागू नये म्हणून दस्तऐवज नष्ट करणं हा न्याय संहितेच्याच कलम २४१ खाली गुन्हा आहे. या दोन्हींमध्ये नष्ट करणारा माणूस आहे आणि त्याचा हेतू आहे. तेव्हा तुमचं खरेदीखत किंवा दहावीचं प्रमाणपत्र पुरात गेलं असेल तर नुसतं 'डॉक्युमेंट्स वेअर डिस्ट्रॉइड' लिहून थांबू नका. पुराच्या पाण्यात भिजून वाचता न येण्याजोगे झाले, किंवा वाहून गेले, असं लिहा, आणि पोलिसांत गहाळ झाल्याची नोंद करा. लगदा झालेला कागदसुद्धा सुकवून ठेवा. दुय्यम प्रत मागताना तो दाखवता येतो.

आणखी एक शब्द: 'डॅमेजेस'. नुकसान या अर्थी डॅमेज हा शब्द एकवचनीच राहतो, कितीही नुकसान असो. शेवटी 'एस' लावला की अर्थ बदलतो, तो कोर्टानं द्यायला लावलेली नुकसानभरपाईची रक्कम असा होतो. 'माय हाउस हॅज डॅमेजेस' असं पुष्कळ अर्जांत दिसतं. टाळा.

पॉलिसी_वाचा_आधी

सामान्य विम्यात काम करतो, कंपनीचं नाव घेत नाही.

१ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी आहे, सगळ्या कंपन्यांना ती त्याच शब्दांत द्यावी लागते. तिच्यात 'लॉस', 'डॅमेज' आणि 'डिस्ट्रक्शन' हे तीनही शब्द एकत्र येतात. तिन्हींना संरक्षण आहे, त्यामुळे डॅमेज लिहिलं म्हणून दावा फेटाळतील ही भीती काढून टाका. या पॉलिसीत कमी रकमेचा विमा काढला म्हणून दाव्यातून प्रमाणात कपात करण्याची जुनी पद्धतही नाही. पूर तिच्यात येतो.

गाडीचं वेगळं आहे. तिथे शब्द 'टोटल लॉस'. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा उतरवलेल्या मूल्याच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला तर तिला 'कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉस' धरतात. गाडी समोर उभी असते, चाकं फिरत असतात, तरी हिशेबानं ती गेलेली असते. शाहूपुरीत, व्हीनस कॉर्नरला पाण्यात बुडालेल्या कितीतरी गाड्यांचं असंच झालं. मालकांनी पत्रात डिस्ट्रॉइड लिहिलं काय आणि न लिहिलं काय, फरक गॅरेजच्या अंदाजपत्रकानं पडतो. एकच विनंती: इंजिनात पाणी गेल्यावर चावी फिरवू नका. त्यानं होणारं नुकसान मूळ पॉलिसीत बहुधा येत नाही, त्याला इंजिनाचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं.

आणि सर्व्हेअर येण्याआधी भिजलेलं सामान उकिरड्यावर टाकू नका. महापालिकेच्या गाड्या कचरा उचलायला येतात, घरात वास सुटलेला असतो, सगळं टाकावंसं वाटतं, हे समजतं. टाकावंच लागलं तर आधी प्रत्येक वस्तूचा फोटो काढा, फ्रिज-टीव्हीच्या मागचा क्रमांक दिसेल असा.

खासबाग_गडी

मी कुस्तीतला. इंग्रजी समालोचनात 'ही डिस्ट्रॉइड हिज ऑपोनंट' असं ऐकतो. त्याचा अर्थ एकतर्फी हरवलं, बरोबर ना? आमच्याकडं त्याला लोळवला म्हणतात, किंवा धुव्वा उडवला. पण कुस्ती गुणांवर मारली की चितपट केली हे त्यातून कळत नाही. मग लिहिताना काय लिहावं?

शब्दवेडा_राजारामपुरी

अर्थ बरोबर आहे. खेळात तो बोलण्यातला, जोर देण्यासाठीचा वापर आहे. चितपटीला कुस्तीच्या इंग्रजीत 'पिन' किंवा 'फॉल' असा स्वतःचा शब्द आहे, आणि गुणांच्या मोठ्या फरकानं लढत थांबवली तर 'टेक्निकल सुपिरिऑरिटी'. बातमी लिहायची तर हे लिही, समालोचनात मग खुशाल डिस्ट्रॉइड म्हण.

शनिवार_पेठ_भाडेकरू

वकीलसाहेब, माझा प्रश्न शब्दापेक्षा पोटाचा आहे. वडिलांच्या काळापासून एका जुन्या वाड्यात खालच्या खोलीत आमचं शिलाईचं दुकान आहे. पावसात वाड्याची मागची बाजू पडली. मालक म्हणतात इमारत 'डिस्ट्रॉय' झाली, तेव्हा तुमचं भाडेपण संपलं, सही करून द्या. कागदावर इंग्रजीत तसंच लिहिलंय. सही करू का?

महाद्वार_वकील

सही करू नका. कागदाचा फोटो काढून ठेवा आणि उद्या कुणातरी वकिलाला मूळ कागद दाखवा, माझ्याकडेच यायला पाहिजे असं काही नाही.

कायदा असा आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२, कलम १०८ चा ई खंड. आग, वादळ, पूर किंवा अशाच अनिवार शक्तीनं मालमत्तेचा महत्त्वाचा भाग पूर्णपणे नष्ट झाला, किंवा ज्या कामासाठी ती घेतली त्यासाठी मोठ्या प्रमाणात आणि कायमची निरुपयोगी झाली, तर भाडेपट्टा रद्द करण्याचा पर्याय भाडेकरूला आहे. नीट वाचा, भाडेकरूला. मालकानं 'डिस्ट्रॉय झालं' म्हटलं म्हणून तो आपोआप संपत नाही. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठानं हे स्पष्ट केलंय की इमारत पडली तरी भाडेहक्क तेवढ्यानं संपत नाही, कारण भाडेपट्टा जागेचाही असतो. त्याआधीचा उलट निकाल त्यात मोडीत निघाला.

आता तुमच्या कागदातला तो शब्द. तुमची खोली उभी आहे, मागची बाजू पडलीय. तुम्ही 'इमारत नष्ट झाली' अशा मजकुराखाली सही केलीत तर ती तुमची कबुली होते, आणि पुढे तीच तुमच्याविरुद्ध वाचली जाईल. भाडं मालक घेत नसतील तर मनीऑर्डरनं पाठवा, पावत्या जपा. वाडा खरोखर धोकादायक असेल तर आत बसून हट्टही करू नका. महापालिकेची नोटीस आलीय का, कुठल्या वर्गाची, ते बघा. रिकामी करावी लागली तरी तुमच्या ताब्यातलं क्षेत्र किती होतं याची मोजणी आणि नोंद महापालिकेकडून लेखी घ्या.

उंबरठा_सिव्हिल

वकीलसाहेबांच्या बोलण्याला जोडून: मोजणी आधी, सामान हलवणं नंतर. खोलीची आतली लांबी-रुंदी, दारं-खिडक्या, मोरी, पोटमाळा असेल तर तोही. चारी कोपऱ्यांतून फोटो. आणि वाड्याचा पडलेला भाग कोणता, उभा कोणता, हे एका साध्या नकाशावर दोन रंगांत दाखवा. शनिवार पेठ म्हणजे माझ्या वाटेवरच आहे. दुकानाचं ठिकाण मला संदेशात कळवा, रविवारी सकाळी टेप घेऊन येतो.

चिखलीकर

ताई, दोन्ही रानांचं येगळं येगळं लिवून काढलंय, म्हशींचं पण. मराठीतच हाय. संध्याकाळी पोराकडनं पाठवतो, तेवढं इंग्रजी करून द्या.

गंगावेश_ताई

पाठवा दादा. सातबाऱ्यावरचे गट नंबर आणि म्हशींच्या बिल्ल्यांचे नंबरही सोबत द्या, ते मला पहिल्याच ओळीत लागतील.